संस्थळावर नवा आयडी आणि नाव ओळखणारे पहिले पन्नास वाचक

मराठी संस्थळांवर रोज किती धागे (लेख आणि त्याखालची चर्चा) उगवतात आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पानावर कसे जातात, हे महिनाभर नुसतं पाहिलं तरी एक गोष्ट ध्यानात येते. विषय तोच, लांबी तेवढीच, पण एकाच्या धाग्यावर साठ प्रतिसाद आणि दुसऱ्याच्या धाग्यावर दोन, त्यातलाही एक ‘पुलेशु’ (पुढील लेखनास शुभेच्छा). पुष्कळदा फरक लेखात नसतोच, लेखावरच्या नावात असतो. वाचक मथळा पाहतो, मग आयडी, म्हणजे लेखकाचं सदस्यनाव, पाहतो आणि आयडी ओळखीचा निघाला की धागा उघडतो. म्हणून नव्या लेखकाने पहिल्या सहा महिन्यांत एवढंच साधायचं की आपला आयडी दिसला की निदान पन्नास जणांना तो कशासाठी उघडायचा हे ठाऊक असावं. हजार जणांनी एकदा डोकावून जाण्यापेक्षा हे पन्नास जास्त कामाचे, कारण प्रतिसाद तेच देतात आणि प्रतिसाद आला की धागा यादीत पुन्हा वर येतो.

जागा

मायबोली १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली, मिसळपाव २००७ मध्ये, ऐसी अक्षरे २०११ मध्ये. लिहिता तिन्हीकडे येतं, पण रीतभात वेगळी आहे. मायबोलीवर पाककृती, कथा, ललित, बागकाम अशा विषयांचे वेगवेगळे ग्रुप आहेत आणि प्रत्येक ग्रुपचे जुने रहिवासी. मिसळपाववर भटकंती आणि इतिहास आवडीने वाचले जातात. लेख ‘जनातलं, मनातलं’मध्ये जातो, चर्चा ‘काथ्याकूट’मध्ये आणि कविता ‘जे न देखे रवी’मध्ये. ऐसी अक्षरेवर समीक्षा, विज्ञान, राजकारण यांची चर्चा रंगते, आणि दावा केला तर आधार विचारला जाईल हे धरून चालावं. भागांमागून भाग लिहायची कथा असेल तर प्रतिलिपी या कथांच्या ॲपवरचा वाचक वेगळाच आहे. तो पुढचा भाग मागतो, चर्चा फारशी करत नाही.

सुरुवातीला एकच जागा धरा. तीन ठिकाणी एकाच दिवशी तोच लेख टाकणारा आयडी लगेच ओळखू येतो, आणि ‘हे तिकडे वाचलं’ एवढाच प्रतिसाद मिळतो. तिन्हीकडची उत्तरं सांभाळायलाही एका माणसाला जमत नाही.

मायबोलीवर नवख्यांची हमखास होणारी चूक म्हणजे लेख ग्रुपमध्ये लिहिला जातो, पण ‘सार्वजनिक’ची खूण करायची राहते. मग तो फक्त त्या ग्रुपच्या सभासदांना दिसतो आणि लेखकाला वाटतं, कोणी वाचतच नाही. पहिल्याच धाग्यावर कोणीतरी ‘धागा सार्वजनिक करा’ असं लिहिलेलं आढळतं, ते यामुळे. प्रकाशित केल्यावर लॉगआउट करून आपलाच धागा शोधून पाहायची सवय लावून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

स्वतःचा ब्लॉगही असावा, पण तो कोठीच्या खोलीसारखा, माल नीट रचून ठेवायला. बाजार संस्थळावरच भरतो. त्याबद्दल पुढे.

आयडी आणि ओळख

आयडी देवनागरीत घ्या, चार-पाच अक्षरांचा, तोंडात बसणारा. प्रतिसादात लोक तुम्हाला त्याच नावाने हाक मारणार आहेत. जन्मसाल किंवा आकडे चिकटवलेला आयडी कोणी पूर्ण टंकत नाही, त्यामुळे तुमचं नाव इतरांच्या प्रतिसादांत येतच नाही. खरं नाव द्यायचं की टोपणनाव, हे नोकरी आणि विषय पाहून ठरवा, पण एकदा ठरलं की बदलू नका. आयडी बदलणं म्हणजे साचलेली ओळख पुसून शून्यावर येणं.

सदस्य माहितीच्या पानावर दोन ओळी पुरेत, कुठे राहता आणि कशावर लिहिता. ‘शब्दांच्या दुनियेतला एक प्रवासी’ छापाची ओळख टाळा, तिने कळत काहीच नाही.

डुप्लिकेट आयडी काढून स्वतःच्याच लेखावर वाहवा करण्याचा मोह काहींना होतो. विरामचिन्हांची पद्धत, ठरावीक शब्द, ठरावीक चुका यांवरून ‘डुआयडी’ ओळखण्यात जुने सदस्य तरबेज असतात. एकदा शिक्का बसला की नंतर लिहिलेला चांगला लेखही संशयानेच वाचला जातो.

पहिले तीन आठवडे काहीही लिहू नका

म्हणजे लेख लिहू नका, प्रतिसाद लिहा. रोज वीस-पंचवीस मिनिटं काढा, तीन लेख पूर्ण वाचा आणि त्यांतल्या एकावरच तीन-चार वाक्यांचा प्रतिसाद द्या. तीन आठवड्यांत वीस-एक प्रतिसाद होतात, आणि चांगले असतील तर तेवढ्यावर नाव ओळखीचं व्हायला लागतं.

‘मस्त’, ‘+१’ (सहमत), ‘पुभाप्र’ (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) यांना काही किंमत नाही असं नाही, लेखकाला बरं वाटतं. पण त्यांनी तुमची ओळख होत नाही. समजा कोणी राजगडावर लिहिलं आहे. त्यावर ‘सुंदर वर्णन, फोटोही छान’ असं लिहिणारे दहा असतील. त्यांच्यात हा प्रतिसाद उठून दिसतो: ‘गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने चढलात, तर शेवटचा रेलिंगचा टप्पा पावसात कितपत निसरडा होता? सोबत लहान मुलं असतील तर पाली दरवाज्याच्या पायऱ्या बऱ्या पडतात, फक्त फेरा वाढतो.’ यात लेख वाचल्याची खूण आहे, एक प्रश्न आहे आणि नंतर वाचणाऱ्याच्या उपयोगाची माहिती आहे. लेखक उत्तर देतो, तिसरा माणूस त्यात भर घालतो, आणि या तिघांत तुमचं नाव राहतं.

काही गोष्टी पाळाव्यात. प्रतिसादात स्वतःच्या लेखाचा दुवा देऊ नका, अगदी कोणी विचारलं तरच द्या. शुद्धलेखनाच्या चुका चारचौघांत काढू नका. मिसळपाववर व्यनि (व्यक्तिगत निरोप) आहे, मायबोलीवर विचारपूस (सदस्याच्या पानावर निरोप ठेवायची जागा) आहे, तिथे सांगितलंत तर माणूस आभार मानतो. दुसऱ्याच्या धाग्यावर अवांतर लांबायला लागलं की थांबा. आणि शंभरी गाठलेल्या राजकीय धाग्यांवर नव्या आयडीने उतरू नये. तिथे लोक मतांवरून गट पाडून बसलेले असतात. पहिल्या प्रतिसादातच तुम्हाला एका गटात टाकलं जातं आणि मग तुमची पाककृतीसुद्धा निम्मे लोक उघडत नाहीत.

विषय, आणि वीस मथळ्यांची चाळणी

‘मला सगळ्यावरच लिहायला आवडतं’ हे खरं असलं तरी पहिल्या सहा महिन्यांत ते बाजूला ठेवा. आयडी कशासाठी उघडायचा हे वाचकाच्या मनात बसायचं तर विषय एकच हवा, आणि तो तुमच्या हाताखालून गेलेला हवा. वाचून जमवलेल्या माहितीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. बँकेत काउंटरवर बसणारा, शेततळं करून पाहिलेला, परदेशात मुलांना मराठी शिकवणारी, लेथवर काम करणारा, अशांना विचारण्यासारखं लोकांकडे खूप असतं.

विषय टिकेल का हे पाहायची सोपी पद्धत अशी. एका बैठकीत, अर्ध्या तासात, त्या विषयावरचे वीस मथळे लिहा. सातव्या-आठव्यावर अडलात तर विषय फार चिंचोळा आहे किंवा अजून पुरेसा मुरलेला नाही. वीस झाले पण एकमेकांशी नातं नसेल तर फार पसरट आहे. ‘महाराष्ट्रीय पदार्थ’ हा पसरट, ‘गोळाभात’ हा चिंचोळा. ‘वऱ्हाडी स्वयंपाक’ म्हटलं की गोळाभात, वडाभात, पाटवडीचा रस्सा, कढीगोळे, सावजी मसाला अशी यादी आपोआप पळायला लागते. विषय सापडल्याची खूण हीच.

लेख मांडणे

मथळ्यात वाचकाला काय मिळणार ते सांगा. ‘एक अविस्मरणीय प्रवास’, ‘आठवणी’, ‘थोडंसं मनातलं’ हे मथळे संस्थळांवर इतक्यांदा येऊन गेलेत की डोळा त्यांवरून घसरतो. ‘हरिश्चंद्रगड खिरेश्वरमार्गे: टोलार खिंडीच्या पुढे वाट कुठे चुकते’ हा मथळा जाणाराही उघडतो, जाऊन आलेलाही उघडतो आणि वाट चुकलेला तर नक्कीच प्रतिसाद देतो.

लांबी ८०० ते १२०० शब्द. बहुतेक जण मोबाइलवर वाचतात, तिथे कागदावरचा पाच ओळींचा परिच्छेद दहा-बारा ओळींचा होतो. म्हणून परिच्छेद तीन-चार वाक्यांचे ठेवा. यादीत किंवा व्हॉट्सअॅपवर दिसतात ती पहिली दोन वाक्यंच, त्यामुळे ‘बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो’ ही सुरुवात सरळ कापून टाका. ‘पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या’ हेही नको. पाककृती असेल तर वाटी केवढी ते सांगा. आपली आमटीची वाटी साधारण १५० मिलीची, अमेरिकेतला कप २४० मिलीचा. हे न सांगितल्यामुळे ‘माझ्या पाटवड्या थापताच येईनात’ असे प्रतिसाद येतात आणि दोष पाककृतीला लागतो.

टंकलेखन युनिकोडमध्येच हवं. श्रीलिपी किंवा कृतिदेवात लिहिलेला जुना मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला खुणांचा कचरा दिसतो, कारण त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो आधी परिवर्तकातून काढा आणि मग एकदा ओळीने वाचा. रफार, अर्धा र आणि पोटफोड्या ष असलेली जोडाक्षरं हमखास बिघडतात. आणखी एक बारकावा असा की ‘दऱ्या’मधला र दोन प्रकारे टंकता येतो, खाली नुक्ता असलेल्या स्वतंत्र ऱ ने किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. ‘ॲ’चंही तसंच, या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीचे लोक अ वर चंद्र जोडत, आणि अजूनही पुष्कळ जण तसंच करतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संस्थळाच्या साध्या शोधाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. निदान आपल्या सगळ्या लेखांत एकच रूप ठेवा.

फोटोंवर मात्र जरा रेंगाळायला हवं, कारण नव्या लेखकाचे निम्मे धागे ‘फोटो दिसत नाहीत’ या प्रतिसादांत वाया जातात. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. गूगल फोटोजवरून ‘शेअर’ करून मिळतो तो दुवा चित्राचा नसतो, चित्र दाखवणाऱ्या पानाचा असतो. तो चित्राच्या चौकटीत टाकला तर काही उमटत नाही. काही जण चित्रावर राइट क्लिक करून पत्ता उचलतात. तो लेखकाला दिसतो, कारण त्याच ब्राउझरमध्ये तो स्वतःच्या खात्यात शिरलेला असतो. इतरांना दिसेलच असं नाही, आणि दिसला तरी काही दिवसांनी गायब होऊ शकतो. उपाय तीन. संस्थळावरच फोटो चढवायची सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर स्वतःच्या ब्लॉगवर चढवून तिथला चित्राचा पत्ता द्या. आणि प्रकाशनाआधी पूर्वपरीक्षणाचं पान इन्कॉग्निटो खिडकीत किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर पाहता येत असेल तर पाहा, नाहीतर प्रकाशन होताच पाहा. फोटोची रुंदी १००० पिक्सेलच्या आसपास आणि वजन २०० केबीच्या आत पुरतं; एका लेखात आठ-दहा फोटो खूप झाले. बाहेरच्या फुकट सेवेवर विसंबून राहिलेल्यांचं काय होतं ते २०१७ मध्ये दिसलं. फोटोबकेट या फोटो साठवायच्या सेवेने फुकट खात्यांचे फोटो इतर पानांवर दाखवणं बंद केलं आणि जगभरच्या जुन्या लेखांत चित्रांच्या जागी राखाडी चौकोन उरले. मूळ फोटो म्हणूनच स्वतःकडे, लेखाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावेत.

कधी टाकायचा आणि नंतर काय करायचं

मराठी वाचक दोन गोलार्धांत पसरलेला आहे. भारतात रात्री साडेआठ वाजता उन्हाळ्यात न्यू यॉर्कला सकाळचे अकरा आणि कॅलिफोर्नियात आठ वाजलेले असतात. हिवाळ्यात दोन्हीकडे एक तास कमी धरा. म्हणजे इथला जेवून फोन घेऊन बसलेला आणि तिथला कॉफी घेऊन बसलेला, दोघंही सापडतात. सकाळी साडेसातची वेळ लोकल-बसमधल्या वाचकासाठी चांगली, पण मग पुढचे तीन तास तुम्ही उत्तर द्यायला मोकळे हवेत. वार मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी संस्थळं थंड असतात, यावरून लोक कुठे बसून वाचतात ते उघड आहे, पण तो विषय नको.

पहिल्या चोवीस तासांत आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या. प्रत्येक ‘छान’ला स्वतंत्र ‘धन्यवाद’ मात्र देऊ नका. त्याने धागा पुन्हा पुन्हा वर येतो आणि मुद्दाम वर काढल्यासारखा दिसतो. चार-पाच जणांची नावं घेऊन एकाच प्रतिसादात आभार माना आणि त्यातच ज्याने माहितीची भर घातली त्याचा मुद्दा पुढे न्या. कोणी चूक दाखवली आणि ती खरी असेल तर लेखात दुरुस्त करून ‘अमुक यांनी लक्षात आणून दिल्यावर बदल केला’ असं खाली लिहा. तो माणूस तुमचा पुढचा लेख वाचतोच. खवचट प्रतिसाद आला तर त्यातल्या माहितीच्या भागाला तेवढं उत्तर द्यावं आणि टोमण्याकडे दुर्लक्ष करावं. दुसऱ्यांदाही तसाच आला तर गप्प बसावं. संपादकांकडे तक्रार व्यक्तिगत हल्ल्यापुरती राखून ठेवा. आणि रागाच्या भरात लेख उडवू नका; त्याखाली इतरांनी घातलेली मेहनतही जाते, ते लोक विसरत नाहीत.

क्रमशः

ओळख पक्की करायला मालिकेसारखं साधन नाही, आणि ती घालवायलाही नाही. पाचवा भाग कधीच न आलेल्या मालिका प्रत्येक संस्थळावर ढिगाने पडलेल्या आहेत. होतं असं की पहिला भाग उत्साहात लिहिला जातो, चाळीस ‘पुभाप्र’ येतात, दुसरा भाग घाईत उरकला जातो, प्रतिसाद निम्म्यावर येतात आणि लेखकाचा हात आखडतो. त्यामुळे तीन भाग लिहून तयार असल्याशिवाय पहिला टाकू नका. दोन भागांत पाच ते सात दिवस ठेवा. दोनच दिवस ठेवलेत तर आधीच्या भागावरची चर्चा तुटते, तीन आठवडे ठेवलेत तर वाचक विसरतो. प्रत्येक भागाच्या वर आधीच्या भागांचे दुवे द्या, आणि नवा भाग आला की जुन्या भागांच्या तळाशी पुढचा दुवा टाका. हे दुसरं काम बहुतेक जण विसरतात. एकूण भाग किती हे आधी जाहीर करू नका. सहा म्हणून नऊ झाले तर वाचक कंटाळतो, चारवर थांबलात तर हिशेब मागतो.

स्वतःचा ब्लॉग आणि व्हॉट्सअॅप

लेख आधी संस्थळावर पूर्ण द्या. चार ओळी इथे आणि ‘उरलेलं माझ्या ब्लॉगवर वाचा’ हा प्रकार कोणालाही आवडत नाही, काही ठिकाणी असे धागे उडवले जातात. तीन-चार आठवड्यांनी, प्रतिसादांतून आलेल्या दुरुस्त्या करून तोच लेख ब्लॉगवर ठेवा.

ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर मथळा देवनागरीत दिला की लेखाचा पत्ता आपोआप ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा बनतो, कारण देवनागरी अक्षरं तिथे गाळली जातात. प्रकाशित करण्यापूर्वी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये स्वतःचा पत्ता रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत लिहा. नंतर बदलला तर आधी वाटलेले दुवे मोडतात. वर्डप्रेसवर उलटा त्रास होतो. तिथे देवनागरी पत्ता ठेवला जातो, पण प्रत्येक अक्षराच्या आणि मात्रेच्या जागी टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हं बसतात आणि मर्यादा २०० ची, म्हणजे बावीस अक्षरं-मात्रा झाल्या की मथळा तुटतो. व्हॉट्सअॅपवर अशी आगगाडी आली की लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. तिथेही पत्ता हातानेच लिहा.

जुन्या सल्ल्यांत अजून ‘ईमेलने सदस्य व्हा’ची ब्लॉगरची चौकट लावा असं सापडतं. ती गूगलच्या फीडबर्नर सेवेवर चालायची आणि फीडबर्नरची ईमेल सोय २०२१ मध्ये बंद झाली. ब्लॉगांवरचे नवे लेख एका जागी दाखवणारं गूगल रीडर तर २०१३ मध्येच गेलं. आता नियमित वाचकाला नवा लेख कळवायचा सोपा रस्ता व्हॉट्सअॅपचाच. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांच्याकडे तुमचा नंबर जतन केलेला आहे त्यांनाच निरोप पोचतो. ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्याला नंबर जतन करायला सांगा. भारतात सप्टेंबर २०२३ पासून चॅनलची सोय आली आहे, त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, त्यामुळे अनोळखी वाचकांसाठी ते बरं. सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर मात्र लेख टाकू नका. तिथला अंगठा वाचल्याचा नसतो.

पूर्ण मजकूर व्हॉट्सअॅपवर सोडलात तर तिसऱ्या ढकलीत (फॉरवर्डमध्ये) नाव गळतं आणि सातव्यात तो पु. लं.च्या नावावर फिरतो. नाव फक्त शेवटी असलं तर कापायला सोपं जातं. म्हणून मजकुरात एखाद्या वाक्यात आपलं किंवा मालिकेचं नाव गुंफा, आणि शक्यतो तीन-चार वाक्यं आणि दुवा एवढंच पाठवा.

मोजायचं काय

वाचनांचा आकडा फसवा असतो. ब्लॉगरच्या आकडेवारीत यंत्रांच्या फेऱ्या मिसळतात, आणि ‘माझ्या भेटी मोजू नका’ ही खूण केली नसेल तर तुमच्याही. त्याऐवजी वहीत तीन रकाने आखा: प्रतिसाद देणाऱ्याचा आयडी, पहिल्यांदा कोणत्या लेखावर आला, पुन्हा कधी आला. बारा लेखांनंतर, म्हणजे पंधरवड्याला एक धरला तर सहा महिन्यांनी, तीन किंवा जास्त लेखांवर आलेले आयडी मोजा. ते पंधरा-वीस असतील तर गाडी रुळावर आहे, कारण एका बोलणाऱ्यामागे न बोलणारे, वाचनमात्र राहणारे कितीतरी असतात. पाचच्या आत असतील तर मागे जाऊन तुमचे प्रतिसाद तपासा. बहुतेक वेळा लेख चालू झाल्यावर इतरांच्या धाग्यांवर जाणं बंद पडलेलं असतं.

तोवर वर्षाचं चक्रही पाहून ठेवा. गणेशोत्सवात आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला संस्थळांवर उपक्रम होतात, आणि दिवाळी अंकासाठी लेखनाचं आवाहन दिवाळीच्या दोन-तीन महिने आधीच निघतं. अंकातला लेख पुष्कळ दिवस वाचला जातो आणि त्याला संपादनाचा हात लागलेला असतो, म्हणून आपल्या विषयातला सगळ्यात भरीव मथळा त्या वीसांतून आधीच बाजूला काढा. तो एरवी धाग्यावर खर्च करू नका, आणि जुलैअखेर त्याचा कच्चा खर्डा तयार ठेवा.